कपबशी कुठं वाजली?

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात काहीही खाल्लं, पाहिलं, ऐकलं तरी 'मस्त' म्हटलं की माणूस सुटतो. लग्नातली भाजी मस्त, पोरीचं गाणं मस्त, नवीन स्कूटी मस्त. हा एक शब्द ज्या घराबाहेर चपलांसोबत काढून ठेवावा लागायचा असं गावात एकच घर होतं, आणि ते नेमकं माझ्या भिंतीला भिंत लागून. माझं नशीब, दुसरं काय.

शरद कुंभलकर. सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होते. बैहरकडच्या नाल्यांवरचे अर्धेअधिक बंधारे आधी त्यांच्या पेन्सिलीखालून गेले, मग जमिनीवर उतरले. रिटायर होऊन जमाना झाला तरी पेन्सिल कानामागं तशीच. रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट. कुठलीही लाकडी वस्तू दिसली की तिला बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि मान वाकडी करून ऐकायचं, ही खोड. माझ्या लग्नात आलेलं कपाट सासरी उतरलं त्या दिवशीच या शेजारच्या काकांनी त्याला टकटक करून सांगितलं होतं, "पाठीमागची फळी पातळ टाकली तुह्या बापाले फसवून." नव्या सुनेला कुणी असं बोलतं? मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. मग वाळवी लागली ती नेमकी त्याच फळीला, आणि मला बोलावंच लागलं.

कान असा होता त्यांचा. ओसरीत बसल्या बसल्या भिंतीपलीकडून ओरडायचे, "वैशाली, मिक्सरचं बुश गेलं." गेलेलंच असायचं. माझ्या नवऱ्याची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की मला सांगायचे, चहा टाक. मला काय, बरंच होतं ते.

आता त्यांच्या रविवारबद्दल. पुढच्या खोलीत कमरेएवढे दोन स्पीकर, सागवानाचे, स्वतः बनवलेले. लाकूड डेपोतून आणलं, वाळवलं, चार वर्षं खपले. स्पीकर भिंतीपासून किती दूर, एकमेकांकडे किती वळलेले, त्याच्या फरशीवर खडूनं खुणा केलेल्या. त्या खुणांवरून पोछा मारला म्हणून एका बाईनं यांच्याकडचं काम सोडलं, की यांनी सोडवलं, दोघांची सांगण्याची तऱ्हा वेगळी. समोर वेताची एकच खुर्ची. रविवारी दुपारी चारला जो येईल त्यानं त्या खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर गमछा बांधायचा आणि ऐकायचं. ऐकायचं तेही दरवेळी एकच: तिरोडीच्या खाण-वसाहतीत काकांनी स्वतः टेप केलेलं बायकांचं भजन. सात बायका, एक पेटी, टाळ. काकांची सासुरवाडी तिथली.

स्पीकर तेच, भजन तेच. बदलायचा तो अ‍ॅम्प्लिफायर. एक काकांनी जुन्या रेडिओचे, दिव्यांसारखे पेटणारे व्हॉल्व बसवून केलेला, तापला की खोलीत गरम धुळीचा वास यायचा. दुसरा ट्रान्झिस्टरवाला, दुकानातला. कोणता चालू आहे ते ऐकणाऱ्याला सांगायचं नाही. त्यानं काय ऐकलं ते बोलायचं आणि काकांनी रजिस्टरमध्ये लिहायचं, नकाशावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात. आणि चांगलं-वाईट म्हणायचं नाही.

"मस्त म्हणजे काय? आलूबोंडा आहे का?" ते विचारायचे. "बाया कुठं बसल्या ते सांग. पेटीवाली जवळ आहे का दूर? कपबशी कुठं वाजली?"

ही कपबशी म्हणजे त्या टेपमधली गंमत. दुसऱ्या कडव्यानंतर, सगळ्या बायका दम घेतात तेव्हा, मागे कुठंतरी एक कपबशी किणकिणते. इतकी हळू की पहिल्यांदा कुणालाच ऐकू येत नाही. ज्याला ऐकू आली त्याला दुसरा चहा. मला तिसऱ्या रविवारी आली. व्हॉल्ववर ती स्वयंपाकघरात वाजायची, ट्रान्झिस्टरवर उंबऱ्याशी. कसं काय, तर काका म्हणायचे, स्पीकर म्हणजे बैल आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे कासरा धरणारा. हा ढिला धरते, तो कचकन ओढते. बैल तोच, पण चाल बदलते. एवढंच त्यांचं शास्त्र. त्याच्या पुढचं विचारलं की म्हणायचे, ऐक गुपचूप.

मी कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सहायक. त्यामुळं मीटर माझ्याकडं. भजनाच्या आधी एक सपाट शिट्टीसारखा सूर लावायचा, स्पीकरच्या तारांवर मीटर धरायचं, आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर अगदी सारखा आकडा दाखवेपर्यंत बटणं फिरवायची. मग बटणांवर चिकटपट्टी. बारा वर्षं हे काम माझं. कंटाळा यायचा, पण या बाबतीत काका पोलीस होते.

काहून, ते टेंभरे प्रकरणात कळलं. टेंभरे म्हणजे आमचे तांदळाचे व्यापारी, माणूस दिलदार पण सगळं मोठं लागतं त्यांना. ते एकदा नागपुराहून पेटीएवढा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले आणि म्हणाले, कुंभलकर साहेब, तुमच्या या दिव्यांच्या डब्यात दम नाही, हा ऐका. काकांनी मला मीटर धरू दिलं नाही. मुद्दाम. टेंभरेंचा अ‍ॅम्प्लिफायर लावला, मग आपला. टेंभरे गमछ्याखाली हसले: पहिला साफ, बाया अगदी समोर, जवळ, दुसरा मरगळलेला. आम्हीही तेच म्हटलं. मग काकांनी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण केसभर वर सरकवलं आणि कुणाला न सांगता पुन्हा दोन्ही लावले. आता टेंभरेंना दुसरा साफ वाटला, दुसरा जवळ वाटला. त्यांनी गमछा काढला, आणि काय झालं ते कळल्यावर बराच वेळ बिचारे चहाच ढवळत बसले.

"थोडा मोठा आवाज कोणालेच मोठा नाही वाटत," काका म्हणाले होते. "त्याले जवळ वाटते. साफ वाटते. कान असा लबाड आहे. म्हणून आधी बरोबरी, मग ऐकणं."

हे वाक्य मी पुढं विसरायला हवं होतं, किंवा नीट लक्षात तरी ठेवायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. एका रविवारी मी खुर्चीत बसले आणि डाव्या बाजूच्या बायका एकदम घोंगडी पांघरून गाताहेत असं वाटलं. कपबशी तर गायबच. मी गमछा वर करून काकांकडं पाहिलं. ते रजिस्टर मांडीवर घेऊन शांत बसलेले, बोट ओळीवरून फिरतंय. मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी गमछा पुन्हा खाली ओढला. पुढच्या रविवारी तेच. चहाला ते आत गेले तेव्हा मी स्पीकरमागं हात घातला, तर वरच्या छोट्या स्पीकरची तार उंदरानं कुरतडलेली, लोंबत होती. बारीक आवाज सगळा तिथून येतो. दोन आठवडे ती बाजू मुकी होती, आणि भिंतीपलीकडून माझ्या मिक्सरचं बुश ओळखणारा माणूस समोर बसून होता.

मी तार जोडली. काका कपबश्या घेऊन बाहेर आले तोवर माझे हात स्वच्छ होते.

त्यानंतर दोन वर्षं मी चोरासारखी त्यांच्यावर नजर ठेवली. बेल वाजली तरी उठायचे नाहीत, दारासमोर माणसाची सावली पडली की मग, "अरे या या." फोन वाजायचा, वाजू द्यायचे. समोर बसून जाड आवाजात बोललं की सगळं नीट. त्यामुळं कुणाला संशय येईना. मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नागपूरला मिलिंदला कळलं असतं, आणि मिलिंद, त्यांचा मुलगा, त्याच आठवड्यात गाडी घेऊन आला असता. काकू गेल्यापासून तो एवढंच म्हणत होता, बाबा, चला. काका एवढंच म्हणत होते, माझ्या खुणा इथं आहेत.

शेवटी घात केला कुकरनं. सकाळची वेळ, मी भाजी निवडत होते. भिंतीपलीकडं शिट्ट्या. चार झाल्या, पाच झाल्या. काका दोनवर बंद करतात. आठ. मी भिंतीवर थापा मारल्या. दहा, अकरा, आणि मग शिट्ट्या थांबल्या, ते जास्त भयंकर होतं. मागच्या दारानं आत गेले तर डाळीचा कोळसा, कुकर निळा पडलेला, आणि काका दुसऱ्या खोलीत रजिस्टर वाचत बसलेले. मला पाहून म्हणाले, "काहून धावत आली?" मी रागानं बोलत सुटले. काय बोलले ते आठवत नाही. आठवत नाही तेच बरं.

या वेळी मिलिंदला मीच फोन केला. हो, मीच.

तो आला, कानाचं मशीन घेऊन आला. काकांनी एक दिवस घातलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. म्हणे, यातून सगळे लोक कबाडीवाल्याच्या भोंग्यासारखे बोलतात, मिलिंद तर फारच. मिलिंद चिडला. बापलेकांची दिवसभर जुंपली. एकाचं म्हणणं, तुम्हाला ऐकू येत नाही, एखाद दिवशी घर पेटवून बसाल. दुसऱ्याचं, मले सगळं ऐकू येते. संध्याकाळी काकांनीच तोड सुचवली.

"रविवारी खुर्चीत मी बसतो," ते म्हणाले. "दहा वेळा लाव. नाणं उडवून लाव. कोणता अ‍ॅम्प्लिफायर आहे ते मी सांगतो. आठ बरोबर आले तर मी इथं राहीन, अन् तू पुन्हा विषय काढायचा नाही. नाही आले तर गाडीत बसतो. सामानही नाही घेत."

मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हौ, बरोबर आहे. बरोबर कसलं, मला माहीत होतं ते हरणार. ज्याला दोन आठवडे तुटकी तार कळली नाही त्याला कासरा काय कळणार?

रविवार उजाडला. टेंभरेंना निरोप देऊन ठेवला होता की आज बैठक नाही. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. काका चारच्या आधीच खुर्चीत, गमछा बांधून, हात मांडीवर. कोर्टात उभं केल्यासारखा चेहरा. मिलिंद मधल्या दारातल्या पडद्याआड, अ‍ॅम्प्लिफायर बदलायच्या स्विचच्या डब्यापाशी, खिशात नाणं शोधत होता. मी स्पीकरमागं गुडघ्यावर बसले आणि मीटर लावलं.

ट्रान्झिस्टरवाला एक व्होल्टवर आणला, चिकटपट्टी लावली. मग काकांचा. सूर वाजत होता, आकडा चढत होता. एक झाला. माझा हात थांबला नाही. मी पाहत होते, मला कळत होतं, आणि हात थांबला नाही. एक पूर्णांक पंधरा. चिकटपट्टी लावली. बारा वर्षांत पहिल्यांदा खोटी बरोबरी केली मी, आणि तीही याच माणसाच्या खोलीत.

पहिला. काका म्हणाले, व्हॉल्व. पडद्याआड कागदावर खूण केल्याचा आवाज आला. दुसरा, ट्रान्झिस्टर. तिसरा, व्हॉल्व. ते भराभर सांगत होते आणि प्रत्येक वेळी त्यांच्या कपाळावर एक आठी वाढत होती. मला वाटलं, आनंद आवरताहेत. सातव्याला फार वेळ लागला. भजन संपत आलं तरी गप्प. मी ओढणीचं टोक दातात धरलं होतं. मग म्हणाले, "ट्रान्झिस्टर... नाही. हौ, ट्रान्झिस्टर." तो चुकला. बाकीचे सगळे बरोबर. दहापैकी नऊ.

मिलिंद पडदा सारून आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले. म्हणाला, बाबा, चुकलो मी. पाया पडला. जिलेबी आणतो म्हणून बाहेर गेला. मी उठले, गुडघे दुखत होते, पण आतून इतकं हलकं वाटत होतं की मी हसत होते. काकांनी गमछा काढला. ते हसत नव्हते.

"मीटर लाव," ते म्हणाले.

"कशाला आता? झालं ना."

"लाव."

मी लावलं. सूर सोडला. एक. स्विच फिरवला. एक पूर्णांक पंधरा. काकांनी चष्मा वर करून आकडा पाहिला, स्विच स्वतः फिरवून पुन्हा पाहिला, आणि परत खुर्चीत बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी पण ओरडले असते.

त्यांनी रजिस्टर उलटं केलं आणि मागची पानं माझ्यापुढं धरली. तिथं त्यांच्याच अक्षरात आकडे होते. दर गुरुवारी, दार लावून, डोळे मिटून ते स्विच गरगर फिरवायचे, ओळखायचे, मग डोळे उघडून पाहायचे. दहापैकी सहा. पाच. चार. पाच. पाच. दोन वर्षांचे गुरुवार.

"नाणं उडवलं तरी पाच येतात," ते म्हणाले. "मले आज पाच यायले पाहिजे होते, वैशाली. नऊ कसे आले?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, हौ, केलं मी, तुम्ही इथंच राहावं म्हणून केलं, काय करायचं ते करा. आणि तुम्हाला जर माहीतच होतं हरणार, तर ही पैज कशाला लावली?

"तोंडानं सांगता येत नव्हतं," ते म्हणाले. "वाटलं, आकडा सांगेल."

मग जमिनीकडं पाहत: "पण एक सांगू? मले मोठा नाही वाटला. जवळ वाटला. मी समजलो, कान परत आले."

टेंभरेंना चहा ढवळत बसवणारा माणूस हे बोलत होता, आणि त्यांना तिथं मी नेऊन बसवलं होतं. त्या क्षणी मला माझे हात तोडून टाकावेसे वाटले. अजून आठवलं की तसंच होतं.

मिलिंद जिलेबी घेऊन आला तेव्हा काकांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. म्हणाले, बरोबरी चुकली होती, मी येतो नागपूरला. रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद अजून आहे: 'बैठक रद्द. आवाज सारखे नव्हते.' जिलेबी तिघांनी खाल्ली. जाड, थंड जिलेबी.

निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, की काका, मग ही दोन वर्षं रविवारी तुम्ही काय ऐकत होता? त्यांनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. माझीच नोंद. 'डावीकडून दुसरी बाई थकली आहे. पेटीवाली तिच्यासाठी थांबते.' भजन लावलं की ते अशा ओळींवरून बोट फिरवत जायचे, आणि आम्ही लिहवलेलं त्यांना ऐकू यायचं. म्हणून या दोन वर्षांत ते 'मस्त'वर जास्तच चिडायचे. मस्तमधून त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"अन् कपबशी?" मी विचारलं.

"ते तुझी काकू," ते म्हणाले. "गायला बस म्हटलं तर बसली नाही. आत चहा करत होती सगळ्यांसाठी. तेवढीच आली टेपमध्ये."

स्पीकर आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर माझ्या घरी आले, खुणांसकट. म्हणजे खुणा काकांनी स्वतः माझ्या फरशीवर वाकून काढल्या. सामान त्यांनी खरंच नेलं नाही. इस्त्रीचे सहा शर्ट, पेन्सिली आणि ते रजिस्टर.

सकाळी गाडी दारात उभी होती. काका मागं बसले, काच खाली. मिलिंद कुलूप लावत होता. तेवढ्यात गल्लीत कबाडीवाला शिरला, गाड्याला बांधलेला तोच फाटका भोंगा, तेच रेकॉर्ड केलेलं, पुराना लोहा, टीन, रद्दी, बाईच्या आवाजात. जन्मभर काकांनी या भोंग्याला शिव्या घातलेल्या. आज त्यांनी भोंगा पाहिला, भोंग्याकडं बघतच राहिले. मग खिडकीतून माझा हात धरला.

"कसा आहे सांग."

मी 'बकवास' म्हणणार होते. ओठांवर आलंच होतं. मग डोळे मिटले आणि ऐकलं. हा भोंगा मी रोज ऐकते, कित्येक वर्षं, आणि एकदाही ऐकला नव्हता.

"बाई तरुण आहे," मी त्यांच्या कानाशी जाऊन जाड आवाजात सांगितलं. "नाकातून बोलते. घाईत आहे. आणि काका, तिच्या मागं लेकरू रडतंय. रेकॉर्ड करताना रडलं असेल. ती 'लोहा' म्हणते आणि मधेच त्याला चूप म्हणते."

"जवळ आहे का दूर?"

"मांडीवर असेल. जवळ."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि रजिस्टर मांडीवर उघडलं. मिलिंदनं गाडी सुरू केली. गल्लीच्या वळणावर कबाडीवाल्यानं गाडा बाजूला घेतला, गाडी त्याच्या अगदी लगत गेली, आणि काकांचं डोकं खाली होतं. ते लिहीत होते.